अलीकडचं गाणं

देवबागेत पूजा असली की
येसो कुबल माडावर कर्णा बांधायचा,
तोंड आमच्या बाजूला, कोर्जाईकडे.
का, ते त्यालाच ठाऊक.
आई म्हणायची, आपल्याकडे त्याची उधारी असणार
कुणाची तरी जुनी.

मध्ये कर्लीची खाडी.
गाणं तिकडून अख्खं निघायचं
आणि पाण्यावरून येता येता
वारा त्यातला आपला वाटा काढून घ्यायचा,
जसे लिलावाआधी प्रत्येक टोपलीतून
कुणी ना कुणी दोन बांगडे उचलतोच.

खारा वारा असेतो बरं चालायचं.
बाई विचारायची, दिवा कुणी लावला—
आणि पुढचं सगळं जायचं भोगव्याच्या डोंगराला.
ठेका तेवढा उरायचा,
कुणी लांब होडीत फळी आपटावी तसा.
मग बाबा, हातातली जाळ्याची गाठ न सोडता,
त्या रिकाम्या जागेत आपलं भरायचे:
"शंभराक साडेचार दिल्यान मेल्यान,
साडेचार, आनि बर्फ माझो…"
चालीत. अगदी चालीत.
तोवर बाई परत यायची, रडवेली,
जणू बांगड्याचा भाव ऐकूनच.

रात्री मतलई सुटला की
गाणं आमच्याकडे पाठ करून समुद्रावर जायचं.
बाहेर जाळी टाकून बसलेल्यांना
ते पुरं ऐकू येत असेल, असं वाटायचं मला
आणि झोप लागायची नाही.

परवा जावयाने फोनवर शोधून दिलं.
साल सांगितलं, राग सांगितला,
सारंगी कुठे संपते, बासरी कुठे धरते.
"आता ऐका. किती स्वच्छ!"
ऐकलं.
दिवा कुणी लावला ते कळलं.
सासूने.

बरं झालं कळलं.
पण मधल्या चार ओळींतली ती बाई
माझ्या ओळखीची नव्हती.
आपल्याच घरी यावं, आणि माजघरात
कुणी परकं माणूस चहा पीत बसलेलं असावं,
तसं झालं.
मी मान हलवत राहिले, जावयासाठी,
आणि आतून वाट बघत होते साडेचाराची.

"खूप जुनं आहे ना?" तो म्हणाला.
मला तर अलीकडचं वाटतं.
अलीकडे म्हणजे ह्या काठाला,
आमच्या ओट्यापर्यंत
जेवढं पोचलं तेवढं.

नातीला शाळेत लिहायचं होतं,
जुनी गाणी का आवडतात.
गोड असतात, लिही, मी म्हटलं.
"अर्थपूर्ण" तिने आपल्या मनाने घातलं.
ओळ भरली, वही मिटली.
तिला कसं सांगू, आजही कुठे ते लागलं
की नाकात आधी जाळ्याला लावलेल्या डिकाचा वास येतो,
मग सूर.

भाचा सर्वेश देवबागेत पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो.
बोटीवर स्पीकर आहे, तांदळाच्या कणगीएवढा.
म्हटलं, शेवटची फेरी झाली की
एकदा हे लाव. तोंड इकडे करून.
हसला. पण लावलं त्याने, काल.

मी धक्क्यावर. मांडीशी तिसऱ्यांची परडी.
ऊन कललेलं, वारा खारा.
बाई आली पाण्यावरून, थोडी थकलेली,
विचारलं तिने, दिवा कुणी—
आणि गेलं.
नेमकं तिथेच गेलं, भोगव्याला!
मी घसा खाकरला.
"शंभराक साडे—"
तेवढ्यात पदराच्या गाठीतला फोन वाजला.

"आते, येता गो ऐकाक?"

मेल्या, तुझ्या फोनाने गाणंच बंद पडलं.
ठेव तो.
आणि पहिल्यापासून लाव.